चिंचगल्लीतलं डावखुरं भूत

“मांगं पाहू नको, बाप्पा. मांगं पाह्यलं का ते तुह्या पावलावर पाऊल ठेवते.”

हा आवाज माझ्या मावशीचा, तुळसाबाईचा. मेडशीच्या घरी ती दळायला बसली की मी तिच्या मांडीवर डोकं टेकून पडायचो, आणि जात्याच्या घरघरीत भिजून तो आवाज माझ्या कानात उतरायचा. इतका मऊ, की भूत जरी आलं तरी त्यानं उंबऱ्याशी पाय पुसून आत यावं. दळताना ती म्हणायची त्या ओव्या अंगात अशा मुरल्या की पुढे मी वाशीमला ड्रॉइंग मास्तर झालो, सायकल घेतली, चष्मा लागला, तरी भुताची गोष्ट निघाली की माझे शब्द आजही आपोआप फेर धरतात.

हे कोमल काय ते मी आधीच सांगून टाकलं, कारण यापुढे मी रागावणार आहे. आणि माझ्या रागाला कारणं आहेत. एक नाही, गाडाभर आहेत.

पहिला राग दुकानातल्या चित्रपुस्तकांवर. त्यांतली भुतं विलायती किल्ल्यात राहतात, काळा कोट घालतात आणि घोडागाडीतून हिंडतात. का? आमच्या वाशीमला भुतांची वाण आहे? पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर एक, स्टेशनच्या मालधक्क्यावर एक, कापसाची सरकी काढायच्या जुन्या जिनात तर सहकुटुंब. यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. म्हणून मी ठरवलं, की ‘वाशीमची भुतावळ’ नावाची माला काढायची. सोळा पानांचा एक अंक, पानावर चित्र, चित्राखाली ओवी. कोणा प्रकाशकाचे पाय धरायचे नाहीत. लिहिणारा मी, काढणारा मी, विकणाराही मीच. एकूण अंक पाच.

पहिल्या अंकाला मी चिंचगल्लीतली दळणारी घेतली. चिंचगल्लीच्या तोंडाशी मधोमध मोठी चिंच आहे. तिच्या डाव्या अंगाला एक बेवारस घर. छप्पर बसलेलं, दाराला गंजकं कुलूप. त्या घरातून भर दुपारी जात्याचा आवाज येतो, असं आमच्या गल्लीतल्या बाया सांगतात. चिंचेच्या उजव्या अंगाला पंजाबराव बागवाल्यांचं घर. पंजाबरावांचा गावाबाहेर भाजीचा मळा. माणूस मिशीपासून टाचेपर्यंत कडक. बायको, गोजराबाई, सात वर्षांपूर्वी वारलेली. हे सगळं नीट ध्यानात ठेवा. डावीकडे भूत, उजवीकडे पंजाबराव. मी ध्यानात ठेवलं होतं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

ओवी अशी होती:

*चिंचेच्या सावलीले, बंद घराच्या गं आत*
*कोन दळते एकली, सरेना वो तिची रात*
*घास घालते जात्याले, पीठ पडेना सुपात*
*कोनासाठी दळे बाई, कोनी नाही वो घरात*

ही ओवी मी शेजारच्या रंगरावांना वाचून दाखवली, ही माझी चूक. रंगराव म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर पत्रं वाटायची बंद झाल्यापासून ते सल्ले वाटतात.

“ओवी बरी हाये,” ते म्हणाले. “पन मास्तर, या बाईचा नवरा कोठी हाये?”

“मेला असेल.”

“मंग त्याचंबी भूत काढा न! जोडप्यानं असलं का बरं दिसते.”

“रंगराव, ती एकटी आहे. त्यातच तर सगळं दुःख आहे.”

“दुःख कोन विकत घेते, राजेहो? भुतानं कोनाचा गळा गिळा धरला पाह्यजे. अन् पाय उलटे काढजा. सुलट्या पायाचं भूत मी मानत नाई.”

पाय मी उलटेच काढले होते. मी चौदा वर्षं पोरांना वांगं आणि तांब्या काढायला शिकवतो आहे. भुताचे पाय मला पोस्टाकडून शिकायचे नव्हते.  दात ओठ खाल्ले आणि कचेरीत गेलो, कारण अशी माला काढायची तर आधी अर्ज द्यावा लागतो असं छापखानेवाल्यांनी सांगितलं.

राज्य बदललं ते छप्पन्न साल. नागपूरचं राज्य जाऊन आम्ही नुकतेच मुंबई राज्यात गेलो होतो. कारकून म्हणाला, जुने अर्ज बाद झाले, नवे यायचे आहेत, तोवर जुन्या अर्जावरचं राज्याचं नाव स्वतःच्या हातानं खोडा. मी एक अख्खं राज्य तीन प्रतींत खोडलं. मग त्यानं चष्मा पुसला आणि विचारलं, “मजकूर कोनत्या सदरात टाकू? धार्मिक, शैक्षनिक का व्यापारी?”

“भुताचा आहे.”

“भुताचं सदर नाई. भूत हयात का मयत?”

“भूत आहे म्हणजे मयतच असणार ना!”

“चिडू नका, मास्तर. हयात असन तर त्याची संमती लागते. मयत असन तर वारसाची.”

“वारस नाही. भूत कल्पनेतलं आहे.”

“मंग शैक्षनिक,” असं म्हणून त्यानं शिक्का मारला. मी हसलो. त्या वारसावर मी हसलो, हे लिहिताना आज माझेच कान तापतात.

आता चित्रांचे ठसे. धातूचे ब्लॉक अकोल्याहून करून आणणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा मंगरूळपीरचे गोविंदसिंग आठवले. कापडावर छपाई करणाऱ्या रंगाऱ्यांना लाकडी ठसे कोरून देणारा हा माणूस. हात असा, की लाकडावरची वेल हलते आहे असं वाटावं. मी मोटारीनं मंगरूळला गेलो, गल्ली, देऊळ, पंगत, दळणारी अशी सोळा चित्रं त्यांच्या पुढ्यात ठेवली. गोविंदसिंगांनी एकेक कागद डोळ्यांजवळ नेला. “लुगड्याचा काठ सोडून बाई कोरायची पहिलीच येळ हाये. फिकर नोको. जशीच्या तशी कोरतो,” असा शब्द दिला.

त्यांनी शब्द पाळला. जशीच्या तशी कोरली. माझं चित्र लाकडावर चिकटवलं आणि रेघ न् रेघ तशीच्या तशी सोडून बाकीचं लाकूड काढून टाकलं.

ज्यांना कळलं त्यांना कळलं असेल. मला कळलं नाही. मी, ड्रॉइंगची इंटरमिजिएट परीक्षा पास झालेला माणूस, छापखान्यात बसून तीन वेळा फक्त ओव्यांची मुद्रितं तपासत होतो. ओव्यांतला एक अनुस्वार सुटू दिला नाही. चित्राकडे पाहिलं तेव्हा काहीतरी चमत्कारिक वाटलं खरं. पण चित्र भुताचं होतं. चमत्कारिक वाटलं म्हणून मी उलट खूश झालो.

आठवडी बाजाराच्या दिवशी मी बालाजीच्या देवळाकडच्या रस्त्यावर सतरंजी टाकून बसलो. दुपारपर्यंत शंभर अंक गेले. मी मनातल्या मनात दुसऱ्या अंकाची चित्रं जुळवायला लागलो होतो, एवढ्यात एक माळकरी गृहस्थ पुस्तक घेऊन परत आला.

“मास्तर, हे काय? तुमच्या चित्रात भटजी डाव्या हातानं तीर्थ देऊन राह्यला!”

मी पाहिलं. देत होता.

दुसरा म्हणाला, “पंगतीतले समदे डाव्या हातानं जेवून राह्यले. सुतक हाये का?”

तेही जेवत होते. एका बाईनं पदराकडे बोट केलं. लुगड्याचा पदर सगळ्या बायांच्या उजव्या खांद्यावर. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच सगळ्यांची लुगडी फेडून पुन्हा नेसवली होती.

“भुताटकीचं पुस्तक आहे,” मी आवाज चढवून म्हणालो. “भुतांच्या गावात सगळं उलटं असतं!”

वेळ मारून नेली असं वाटलं. पण तेवढ्यात गर्दीतून रंगराव पुढे आले. पुस्तक हातात, चष्मा कपाळावर.

“मास्तर, ते सोडा. सातवं पान काहाडा. हे घर पंजाबरावाचं नव्हे?”

सातव्या पानावर चिंच मधोमध होती. जागची हलली नव्हती. तिच्या उजव्या अंगाला दार, ओटा, खिडकी. आत जातं. आणि जात्याचा खुंटा डाव्या हातानं धरून ती बाई दळत होती.

“डाव्या हातानं कोन दळे या गल्लीत?” रंगरावांनी बाजाराला विचारलं.

माणसं पानावर वाकली. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, “गोजरा वो. गोजराच हाये ते.”

त्यानंतर उरलेले अंक तासाभरात संपले. लेखकाला याचा आनंद व्हायला पाहिजे. मी सतरंजी गुंडाळून मागच्या वाटेनं घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी पंजाबराव शाळेत आले. वर्ग चालू होता. पोरं तांब्या काढत होती.

“मास्तर, बाहेर या.”

“वर्ग संपू द्या, पंजाबराव.”

“माह्या बायकोले गावभर हिंडवताना वर्ग संपाची वाट पाह्यली काय?”

फळ्यावर मी काढत होतो त्या तांब्याचा काठ खडूनं वाकडा झाला. मी बाहेर गेलो. म्हणालो, तुमची बायको नाही ती, गोरगरिबाची कोणी तरी कल्पनेतली. ते म्हणाले, कल्पनेतल्या बाईले माहं घर कायले देल्लं?  उत्तर नसलं की मी ओरडतो. ते आधीपासूनच ओरडत होते. शेवटी मुख्याध्यापकांना खोलीतून बाहेर यावं लागलं.

पंजाबरावांनी तीन अर्ज टाकले. एक शाळेत, एक ठाण्यात, एक म्युनिसिपालटीत. ‘सदर भूत माझे मयत पत्नीचे हुबेहूब असून, माझे राहते घरात ते दळते असे छापून बदनामी केली आहे.’ म्युनिसिपालटीनं त्यावर, सदर घरात पिठाची गिरणी विनापरवाना चालते काय, अशी विचारणा मलाच केली. ठाण्याचा हवालदार येऊन भुताची उंची लिहून घेऊन गेला. मुख्याध्यापकांनी मात्र थट्टा केली नाही. ते म्हणाले, “आठ दिवसांत पंजाबरावांची समजूत पटल्याचं लेखी आणा. नाहीतर ही भुतावळ कायमची बंद, हे शाळेच्या शिरस्त्यानं मला लिहून द्या.”

चार अंकांच्या ओव्या माझ्या पेटीत तयार होत्या. मालधक्क्यावरच्या हमालाची होती, जिनातल्या कुटुंबाची होती. मावशीच्या आवाजातलं एवढंच काय ते माझ्याजवळ उरलं होतं. ते सगळं एका माणसाच्या सहीवर येऊन अडकलं. मी घरी येऊन टोपी कोपऱ्यात फेकली.

रंगराव हजर होतेच. “मी म्हटलंच होतं, नवऱ्याचंबी काहाडा. आता खरा नवराच आला का नाई?”

“रंगराव, उठा.”

“पन एक सांगा. सगळंच उलटं छापलं असन, तर भुताचे पाय उलट्याचे सुलटे झाले न? म्हंजे ते भूतच नाई! तुमी सुटले!”

“पाय तसे उलटत नाहीत!” मी किंचाळलो. “डावं-उजवं उलटतं, पुढचं-मागचं नाही!”

आणि बोलता बोलता मीच थांबलो. डावं-उजवं उलटतं. कुठे उलटतं?

आमच्या कुटुंबाचं नाव चतुराबाई. मी ते आजवर नुसतं नाव समजत होतो. ती भिंतीवरच्या आरशासमोर कुंकू लावत होती. तिनं कोनाड्यातला अंक उचलला, सातवं पान उघडून आरशापुढे धरलं आणि म्हणाली, “अवं, इकडून पाहा. आरशात कसं बराबर दिसून राह्यलं.”

आरशात चिंचेच्या डाव्या अंगाला बेवारस घर होतं. बाईच्या उजव्या हातात खुंटा होता. पान उलटून पाहिलं, तर भटजीसुद्धा शुद्ध झाला होता.

“तुला हे केव्हा कळलं?”

“बाजाराच्या दिवशीच.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी चिडाचे बंद व्हान तवा सांगीन म्हटलं.”

मी पहिली मोटार पकडून मंगरूळला गेलो. वाटभर मनात गोविंदसिंगांना इतकं बोललो, की प्रत्यक्ष भेटल्यावर बोलायला फारसं उरलं नाही. “तुम्हाला एवढं कळू नये? ठसा कागदावर दाबला की चित्र उलटं उमटतं!”

गोविंदसिंगांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला एक ठसा काढून माझ्यापुढे धरला. त्यावर कमळ होतं.

“मास्तरजी, तीस साल झाले ठसे कोरून राह्यलो. फूल, वेल, मोर. मोराची जोडी असते, एक इकडं पाह्यते, एक तिकडं. उलटं उमटलं तरी जोडीच. फुलाले डावा हात असते काय?”

मी ते कमळ हातात घेऊन उलटंसुलटं फिरवलं. माझा राग एवढा मोठा घेऊन आलो होतो, तो ठेवायला तिथं जागाच मिळेना. फुलाला डावा हात नसतो. खरंच नसतो. ती ओळ मला सुचली असती तर मी तिच्यावर अख्खा अंक काढला असता. तेवढ्यासाठी मी पुन्हा चिडलो.

त्यांनी मात्र माझा मान ठेवला. सातव्या पानाचा ठसा चार दिवस बसून नव्यानं कोरून दिला, या वेळी कागद पालथा चिकटवून. छापखान्यात एक नमुना काढला. भूत डावीकडे, हात उजवा, पदर जागच्या जागी. आठवा दिवस उजाडला होता. मी नमुन्याचा कागद आणि समजूत पटल्याचा मसुदा घेऊन तडक पंजाबरावांच्या ओट्यावर गेलो.

सकाळची वेळ. ते एकटेच मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. ‘या’ म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच कागद त्यांच्यापुढे धरला.

“पाहा. चूक ठशाची होती. हे खरं चित्र. घर त्या अंगाचं, तुमचं नाही. आणि बाई उजव्या हातानं दळते आहे. गोजराबाईंशी तिचा कसलाही संबंध नाही. जुने अंक मी गावातून गोळा करतो, जाळून टाकतो. तुम्ही इथं सही करा.”

त्यांनी मेथीचे हात धोतराला पुसले. कागद घेतला. बाईच्या हातावर बोट ठेवलं. मग मांडीवर ठेवून पुन्हा जुडी बांधायला लागले.

माझा तोल गेला. “आता आणखी काय पाहिजे तुम्हाला? घर बदललं, हात बदलला! तीन तीन अर्ज टाकलेत, माझी नोकरी नासवायला निघालात. आता म्हणता तसं करून आणलं तर तोंडातून शब्द नाही! नाक घासू का इथं?”

“मास्तर,” ते खाली पाहत म्हणाले, “ते डावखुरी होती.”

“अहो, तेच तर सांगतो आहे! ही उजवी आहे!”

“मी होऊ देल्ली नाई.”

मला कळलं नाही. पंजाबरावांनी जुडी खाली ठेवली. त्यांचा नेहमीचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. हा आवाज मेथीच्या ढिगाच्या पलीकडे आला नाही.

“लगन होऊन आली, पहिल्याच रोजी तिनं डाव्या हातानं वाढलं. मी वाटी फेकून मारली हातावर. पंगतीसमोर. मंग माह्यासमोर कधीच डावा हात लावला नाई. पन मी मळ्यात गेलो का डाव्यानं दळे. आवाजच येगळा ये, मास्तर. सरका ये, कोठी अडकत नसे. मी मळ्यातून लवकर येऊन अंगनात उभा राहून आयको. अन् मंग मुद्दाम खाकरो. खाकरलो का जातं थांबे. हात बदले. मंग घरघर अडखळत ये. अठ्ठावीस वर्सं.”

मी हातातल्या मसुद्याची घडी घालून खिशात टाकली. 

“गावाले सांगतलं, बायकोले भूत म्हनले म्हनून राग आला. खोटं हाये. त्या बाजारात समद्यायनं तिले एका नजरंत वळखलं. समद्यायले ठाव होतं. म्हंजे गावभर लोकायच्या घरी ते डाव्यानं काम करे, हासे, बोले. माह्याच घरी नाई. त्याचा राग आला. अन् कोनावर काढू? तुमच्यावर काढला.”

त्यांनी मांडीवरचा नवा कागद उचलला. उजव्या हाताच्या त्या बाईकडे एकदा पाहिलं आणि तो माझ्याकडे परत केला.

“हे नोका छापू. ते जुनंच राहू द्या, माह्या घरातलं. मी खाकरलो तवा तिनं हात बदलला. आता तुमी नोका खाकरू, मास्तर.”